कुपीतली रात्र

एका राज्यात रात्र चोरीला गेली.

चोरणारा चोर असता तर कोतवालाने त्याला धरला असता, चाबकाने फोडला असता, गाढवावर उलटा बसवून गावभर फिरवला असता. पण चोरणारा राजा होता. म्हणून त्या चोरीला कुणी चोरी म्हटले नाही. भाटांनी तिला पराक्रम म्हटले.

राजाचे नाव मकरंदसेन. त्याला सुगंधाचे वेड होते. सकाळी स्नानाला वाळ्याचे पाणी, दुपारी अंगाला चंदनाची उटी, संध्याकाळी कानात केवड्याचा फाया. तरी एके दिवशी तो सिंहासनावर तोंड वाकडे करून बसला.

"चंदन वाण्याच्या घरीही उगाळतात," तो म्हणाला. "केवडा बाजारात मिळतो. मला असा सुगंध हवा, की जो माझ्याखेरीज कुणालाच मिळू नये."

दरबारात विलोम नावाचा जादूगार होता. तो पुढे झाला. "महाराज, फुलांचा अर्क कुणीही काढतो. मी रात्रीचा अर्क काढीन."

"मग काढ," राजा म्हणाला. एवढेच. राणीला विचारले नाही, प्रधानाला विचारले नाही, रात्रीला तर नाहीच नाही.

विलोमाने राजवाड्यामागे बाग केली. तिथे जाई, जुई, कुंद, मोगरा, अनंत आणि निशिगंध लावले. पांढऱ्यावाचून दुसरा रंग नाही. रात्रीला पांढऱ्या फुलांची फार माया. आधी त्या कळ्यांना उमलवायचे आणि मगच पुढे घरांवर, शेतांवर उतरायचे, अशी तिची रीत. त्या संध्याकाळी एवढी फुले एके ठिकाणी पाहून तिला धीर निघाला नाही. सूर्य डोंगरावर वीतभर उरला असतानाच ती बागेत आली आणि निशिगंधावर वाकली. तेवढ्यात विलोमाने तीन झाडांचा कढत डिंक तिच्याभोवती ओतला. फुलांच्या वासासकट रात्र त्यात गुरफटली. विलोमाने ती स्फटिकाच्या कुपीत भरली, वर त्याच डिंकाचे बूच बसवले, आणि कुपी राजाच्या हातात दिली. अत्तराला नाव दिले निशासार.

सूर्य डोंगरावर वीतभर उरला होता, तो तिथेच थांबला. रात्र यायची नाही, तर त्याने जागा कुणासाठी सोडायची?

राज्यात काळोख म्हणून उरला नाही. कणगीत नाही, विहिरीच्या तळाशी नाही, उपड्या टोपलीखाली नाही. माणसाने डोळे मिटले तरी पापण्यांआड तांबडा उजेड दिसे. म्हशी आटल्या. कोंबड्या खुराड्यात जाईनात. पांढऱ्या कळ्या देठावरच सुकून गळाल्या. हे किती दिवस चालले ते सांगता येत नाही, कारण दिवस एकच होता आणि तो संपत नव्हता.

राजा मात्र सुखात होता. शयनगृहात जाऊन तो बूच किंचित ढिले करी. खोलीत अंधार पसरे. आधी जाई-जुईचा गार वास येई, मग निशिगंधाचा दुधाळ, जड वास, आणि त्याच्याही खालून गाभाऱ्यातल्या धुपासारखी ऊब वर चढे. सगळ्या राज्याची रात्र एकट्याने पांघरून राजा घोरत पडे.

त्या राजधानीत भिवरा नावाची फुलारीण राहत होती. तिचा नवरा येमाजी पाथरवट. त्यांना एक तान्ही लेक, ठकू. येमाजी राजाच्या त्या नव्या बागेभोवती तट बांधायच्या कामावर होता. राजाच्या आजोबांनी कायदा घालून दिला होता, की सूर्य मावळला म्हणजे कामकऱ्याने हत्यार खाली ठेवावे आणि घरी जावे. तटावरचा मुकादम या कायद्याला फार जपे.

"आम्ही कायदा मोडत नाही," तो पाथरवटांना म्हणे. "सूर्य मावळू दे, मग खुशाल जा."

पाथरवट घरी आलेच नाहीत. छिन्नी चालत राहिली, हातोडा पडत राहिला, आणि तट उंच होत राहिला.

भिवरा ठकूला पाठीशी बांधून तटावर भाकरी घेऊन जाई. ठकू रडून रडून आता रडायचीही थांबली होती. नुसती टक्क उघड्या डोळ्यांनी आईच्या मानेकडे बघत असे. एकदा भिवरा तटाखाली पोचली, तेव्हा वर गेनूबा नावाचा म्हातारा पाथरवट उभा होता. त्याचे डोळे उघडे होते, पण उभ्या उभ्याच त्याला ग्लानी आली. तो तोल जाऊन खाली आला. भिवराच्या पायांपासून हातभर अंतरावर पडला आणि पुन्हा हलला नाही.

मुकादमाने वाकून पाहिले. "बाजूला घ्या," तो म्हणाला. "आणि कामाला लागा. सूर्य अजून वर आहे."

गेनूबाची बायको साळूबाई धावत आली. तिने नवऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. त्याच्या पापण्या मिटेनात. राज्यात मेलेल्या माणसालाही डोळे मिटायची सोय राहिली नव्हती.

भिवरा येमाजीकडे वळली. "धनी, घरी चला."

येमाजीने तिच्याकडे पाहिले. त्याचे ओठ फुटले होते, बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. "बाई," तो नम्रपणे म्हणाला, "तुम्ही कोणाच्या घरच्या?"

तेव्हा भिवराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती पाथरवट आळीत गेली. दारोदार फिरली. साळूबाई निघाली, तिच्यामागे सगळ्या आळीतल्या बाया निघाल्या. वाटेत कुंभार आले, कोष्टी आले, गुराखी आले. एवढा जमाव राजवाड्यात शिरताना पाहून पहारेकरी बाजूला झाले. त्यांनाही झोप नव्हती.

राजा सिंहासनावर बसला होता. शेजारी विलोम उभा होता.

"काय मागणं आहे?" राजाने विचारले.

"रात्र," भिवरा म्हणाली.

राजा रागावला नाही. तो हसला. त्याने कमरेची कुपी काढली आणि बूच तिळभर सरकवले. दरबारात वास दरवळला. संगमरवरी फरशीवर सावल्या पसरल्या. बायांचे गुडघे आपोआप वाकले, आणि जो जिथे होता तो तिथे आडवा झाला. पळभराचीच झोप ती, पण इतक्या काळानंतरची! जागे झाले तेव्हा सगळ्यांच्या अंगात गोडवा भरला होता. कुणी सिंहासनाच्या पायऱ्यांना हात लावून नमस्कार केला. कुणी म्हणाले, "महाराजांचा जयजयकार असो." आणि सांगायला लाज वाटते, पण भिवराही म्हणाली.

घोषणा देतच ते बाहेर पडले. चौकात आले तेव्हा ऊन तोंडावर आले, वास उडून गेला, आणि सगळे जागच्या जागी थबकले. काय मिळाले होते? काही नाही. जे आपले होते, त्याचाच एक थेंब भिकेसारखा टाकला होता, आणि वर जयजयकार करवून घेतला होता.

लोक माना खाली घालून पांगले. भिवरा मात्र विहिरीवर गेली. पदराला तो वास अजून चिकटून होता. तिने राख घेतली आणि पदर घासघासून धुतला, कापड विरेपर्यंत धुतला.

विहिरीजवळच्या पिंपळाखाली कावळ्यांचा कालवा चालला होता. त्यांच्यामध्ये एक पिंगळा पडला होता. उजेडात त्याला काही दिसत नव्हते आणि कावळे त्याला टोचून काढत होते. भिवराने काठी फिरवून कावळे हाकलले आणि आपली फुलांची परडी त्याच्यावर उपडी घातली.

परडीतून आवाज आला, "हा काय न्याय झाला? मी रात्रीचा पहारेकरी. माझ्या डोळ्यांदेखत माझी धनीण चोरली, आणि टोचे मला बसतात!"

"तू चोरी पाहिलीस?" भिवराने विचारले.

"तिच्या अंधाराच्या कडेला तटावरच बसलो होतो. सगळं पाहिलं. बाई, फुलांचा वास किती टिकतो? वाऱ्याबरोबर येतो आणि वाऱ्याबरोबर जातो. त्याला धरून ठेवतात ती झाडांची आसवं. विलोमाने तीन झाडं घायाळ केली. उजाड टेकडीवरची सालई, रानातला राळेचा वृक्ष, आणि दरीतला अगरू. त्यांच्या डिंकाने रात्र बांधली आहे. डिंक ज्याचा, त्यानेच परत बोलावला तर येईल. तिघांचं एकेक पान आण आणि कुपीच्या बुचावर ठेव."

"एवढं सोपं होतं, तर कुणाला सांगितलं का नाहीस?"

"दोघांना सांगितलं," पिंगळा म्हणाला. "एक लोहार, एक धनगर. गेले ते परत आले नाहीत."

भिवराने ठकूला पाठीशी घट्ट बांधले. पदरात भाकरी घेतली, ठकूच्या टाळूला लावायची तेलाची बुधली कमरेला खोवली, आणि निघाली.

उजाड टेकडी तापून लाल झाली होती. माथ्यावर सालई उभी होती, आणि तिच्या खोडावर एक कुऱ्हाड आपोआप चालत होती. धरणारा कुणी नव्हता. विलोम डिंक घेऊन गेला, पण कुऱ्हाडीला थांब म्हणायचे विसरला, किंवा त्याला ते गरजेचे वाटले नाही. खोडाला माणूस मावेल एवढी खाच पडली होती.

"माई, तुझं पान हवं," भिवरा म्हणाली.

"आधी हे थांबव," सालई म्हणाली. "मग पान काय, फांदी ने."

भिवराने कुऱ्हाडीच्या दांड्याला हात घातला. कुऱ्हाडीने तिला झटकून टाकले. दुसऱ्यांदा धरली, तळहात सोलून निघाले. तेव्हा ती टेकडीवर फिरली आणि एक काळा कातळाचा तुकडा शोधून काढला. येमाजी ज्याला दगडांतला बाप म्हणे, तसला. तो उचलत, लोटत, छातीशी धरत तिने आणला, आणि घाव पडून कुऱ्हाड मागे गेली त्या निमिषात खाचेत सारला. पुढचा घाव दगडावर बसला. कुऱ्हाडीचे पाते काचेसारखे तडकले.

मग भिवराने ओंजळीने माती आणली, आपल्यापाशी होते तेवढ्या प्यायच्या पाण्यात ती कालवली, आणि जखम लिंपली.

"इतके लोक खालून गेले," सालई म्हणाली, "कुणाला हा आवाज ऐकू आला नाही?"

"ऐकू आला असेल," भिवरा म्हणाली. "त्यांना वाटलं असेल, राजाचंच काही काम चाललं आहे." सालईने पान गाळले. भिवराने ते केसांत खोवले.

राळेचा वृक्ष रानाच्या मध्यावर होता. त्याच्या जखमेतून राळ वाहून वाहून भोवती तळे झाले होते. त्या तळ्यात एक पाडस गुडघ्यापर्यंत रुतले होते, दोन साळुंक्या पंख पसरून चिकटल्या होत्या, मधमाश्यांचा थवाच्या थवा गुंतला होता. आणि मधोमध एक नाग फणा उभारून बसला होता; शेपूट मात्र राळेत गच्च रुतले होते.

"माझ्या रडण्याने हे सगळे अडकले," वृक्ष म्हणाला. "मला रडवलं दुसऱ्याने आणि पाप लागलं मला. यांना सोडव, म्हणजे पान देईन."

राळ पाण्याने सुटत नाही, तेलाने सुटते. भिवराने कमरेची बुधली काढली. ठकूचे तेल ते. बोट बुडवून बुडवून तिने पाडसाचे खूर सोडवले, साळुंक्यांचे पीस न् पीस मोकळे केले. माश्यांना गवताच्या काडीने तेल लावले. तिला कितीक माश्या डसल्या. बुधलीच्या तळाशी थोडेसे तेल उरले, तेव्हा नाग उरला.

त्याने फूत्कार टाकला.

"यालाही?" भिवराने विचारले.

"मी सगळ्यांना म्हटलं होतं," वृक्ष म्हणाला.

भिवराच्या पाठीवर पोर होते. ती नागासमोर उकिडवी बसली आणि भीतीपेक्षा संतापानेच बोलली, "तुला बांधलं त्याच्यावर फणा काढायची सोडून माझ्यावर काढतोस? मी काय केलं तुझं? गप्प बस." नाग गप्प बसला. तिने उरलेले तेल त्याच्या शेपटीला चोळले. मोकळा झाल्यावर तो वळूनही न पाहता गवतात निघून गेला. भिवराने त्याच्याकडून काही अपेक्षाही केली नव्हती. दुसरे पान तिच्या खांद्यावर येऊन पडले.

तिसरे झाड दरीत होते. भिवरा दरीत उतरली, आणि तिचे पाऊल अडखळले. अगरूच्या झाडाखाली सावली होती. खरी, काळी, गार सावली. सगळ्या राज्यात उरलेला ओंजळभर अंधार त्या झाडाने आपल्या गाभ्यात धरून ठेवला होता, आणि तो तिथे पाझरत होता.

सावलीत लोहार आणि धनगर खोडाला टेकून बसले होते; ते आधी दरीतच उतरले होते आणि पुढे गेलेच नव्हते. दोघांच्या चेहऱ्यांवर मंद हसू होते. भिवराने लोहाराला हलवले. "दादा, घरी बायको वाट पाहते आहे."

"असेल," लोहार गोड आवाजात म्हणाला. "बस ना तूही."

भिवराने झाडाकडे पाहिले. "बाबा, तुझं पान हवं."

अगरूचा आवाज जुन्या धुरासारखा सावकाश येई. "देईन. बदल्यात तुझा राग मला दे. तो जड आहे. इतकी वाट तू तो डोक्यावर घेऊन आलीस. इथे ठेव आणि हलकी हो."

तेवढ्यात भिवराला पाठीवर काही वेगळे जाणवले. ठकूचे डोके तिच्या खांद्यावर पडले होते. पोरीचा श्वास लांब झाला होता. तिने झोळी सोडून लेकीला पुढे घेतले. ठकूचे डोळे मिटले होते. मुठी उघडल्या होत्या. ती झोपली होती.

भिवरा मटकन खाली बसली. कितीतरी वेळ ती नुसती लेकीचे तोंड पाहत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ते पुसायचेही तिला सुचेना.

"पाहिलंस?" अगरू म्हणाला. "आता काय उरलं मागायचं? तुझं मूल झोपलं. तूही झोप. राग तेवढा ठेव."

तिला ठेवावासा वाटला. मनापासून वाटला. तिने पाय पसरले, पाठ खोडाला टेकवली, डोळे मिटले. पापण्यांआड काळोख होता. आणि त्या काळोखात तिला गेनूबाचे डोळे दिसले, न मिटणारे. आणि नवऱ्याने विचारलेला प्रश्न पुन्हा ऐकू आला.

ती उठली. ठकूला उचलले. ठकू जागी झाली आणि एवढ्या जोराने रडली की दरी घुमली.

"राग देणार नाही," भिवरा म्हणाली. "माझ्या पोरीला अशी झोपेतून उठवावी लागते, तिच्या वाटची रात्र कुणीतरी उशाशी घेऊन झोपला आहे, आणि मी राग देऊ? दुसरं काही माग. हात माग, डोळा माग. राग माझा आहे, आणि तो खरा आहे."

झाडाने पान गाळले.

"घे," अगरू म्हणाला. "त्या कुपीत लोकांना जे निजवतं, ते माझंच सत्त्व आहे. ज्याने राग इथे टाकला, तो तिथे उभा राहू शकला नसता. म्हणून त्या दोघांना मी जाऊ दिलं नाही. हसत हसत गेले असते आणि हसत हसत परत आले असते."

भिवरा तीन पाने घेऊन राजवाड्यात आली. या खेपेला ती एकटी होती. पाठीवर ठकू, बस.

राजाने भुवया उंचावल्या. "पुन्हा? मागच्या खेपेला समाधान झालं होतं ना?"

"नव्हतं झालं, महाराज. भुरळ पडली होती."

"काय मागणं आहे?"

"तेच."

दरबारी हसले. राजाने कुपी काढली आणि बूच सरकवले. वास आला. जाई, जुई, मग निशिगंध. प्रधानाची मान कलली. पहारेकऱ्यांचे भाले हातातून सुटले. ठकू झोपली. विलोमाने नाकाला शेला लावला. राजाची झोप रोज पुरी होत असे, त्याला काही झाले नाही. भिवराचे डोळे जड झाले. पाठोपाठ धुपाची ती ऊब आली, आईच्या कुशीसारखी, आणि म्हणू लागली, कशाला एवढा त्रास करून घेतेस?

भिवराने सोललेल्या तळहातांच्या मुठी घट्ट आवळल्या.

"अजून उभी?" राजा सिंहासनावरून उतरला. त्याने बूच आणखी सरकवले आणि कुपी तिच्या नाकासमोर धरली. "घे. हवी तेवढी झोप घे. मी काही कृपण नाही."

"महाराज," भिवरा म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या खांबांवर आदळला, "मला झोप नको. मला रात्र हवी. झोप तुम्ही दान कराल, पण रात्र तुमची नाही. ती गेनूबाची होती, त्याला मिळाली नाही. माझ्या नवऱ्याने माझं तोंड ओळखलं नाही. आणि तुम्ही आम्हाला आमचीच रात्र हुंगायला देता, आणि आम्ही पाया पडावं म्हणता?"

कुपी अजून तिच्या नाकासमोरच होती. तिने तिन्ही पाने बुचावर ठेवली.

डिंक विरघळला. सालईचा डिंक, राळ आणि अगरूचा रस, तिन्ही कढत होऊन राजाच्या बोटांवरून वाहू लागले. राजा ओरडला. विलोम बूच दाबायला धावला. पण राळेने त्याचे हात धरले, मग कोपर, मग खांदे. झाडाच्या राळेत मुंगी अडकावी तसा तो पिवळ्या डिंकाच्या गोळ्यात उभाच्या उभा अडकला. तोंड उघडे राहिले ते राहिलेच. पुढे त्याला बागेच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले. पिंगळा त्याच्या डोक्यावर बसू लागला.

कुपीतून रात्र बाहेर आली. आधी सिंहासनाखाली दडली, मग खांबांवरून चढली, मग दारातून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून रस्त्यावर. पश्चिमेला सूर्याने सुटकेचा निःश्वास टाकावा तसा वारा सुटला आणि सूर्य डोंगराआड गेला. राजवाड्यामागच्या बागेत सुकल्या देठांवर नव्या कळ्या आल्या आणि एकेक करून उमलल्या. सगळ्या राज्यावर पांढऱ्या फुलांचा वास पसरला आणि त्याच्याखालून झाडांची ऊब. कुणाला विकत घ्यावा लागला नाही, कुणाचा जयजयकार करावा लागला नाही.

तटावर हातोडे थांबले. पाथरवटांना घरी जायचे त्राण नव्हते; ते होते तिथेच निजले. भिवराने अंधारात चाचपत येमाजीला शोधले. तिने त्याला उठवले नाही. ठकूला त्याच्या काखेत घातले आणि आपण शेजारी बसली. ती रात्र फार मोठी होती. साठलेल्या सगळ्या रात्री एकामागून एक उतरत होत्या.

उजाडता उजाडता येमाजीने डोळे उघडले. तिच्याकडे बघून म्हणाला, "भिवरा, तुझ्या हाताला काय झालं?" तेव्हा ती रडली.

राज्यात सगळे झोपून उठले. एक राजा तेवढा जागा होता. राजवाड्यातून एकदा बाहेर पडलेली रात्र, जिथे तिला कोंडले त्या घरात पुन्हा शिरली नव्हती. लाल डोळ्यांनी, अनवाणी, राजा पाथरवट आळीत आला.

"मला क्षमा कर," तो भिवराला म्हणाला.

"माझं माणूस परत आलं, तरी माझा राग उतरलेला नाही," भिवरा म्हणाली. "जिचं आलं नाही तिच्या दारात जा."

राजा साळूबाईच्या दारात गेला. म्हातारी ओट्यावर बसली होती. भोवती आळी जमली, मग सगळे गाव जमले. लोहार आणि धनगरही दरीतून परत आले होते. ते मागे, मान खाली घालून उभे राहिले.

"काय केलंत ते आधी मोठ्याने सांगा," साळूबाई म्हणाली.

राजाने भाटांकडे पाहिले. भाट दुसरीकडे पाहू लागले. मग त्याला स्वतःच बोलावे लागले. "मी रात्र चोरली. माझ्यामुळे गेनूबा मेला."

"हं," साळूबाई म्हणाली. "आता तो तट उतरवा. ज्यांनी चढवला त्यांनी नाही, तुम्ही."

राजाने मुकुट ओट्यावर ठेवला आणि गेला. प्रधान, दरबारी आणि मुकादम यांनाही जावे लागले. दिवसभर त्यांनी दगड वाहिले. सूर्य मावळला तेव्हा येमाजी तिथे आला आणि म्हणाला, "हत्यार खाली ठेवा, महाराज. कायदा सगळ्यांना आहे." राजा त्या दगडांवरच आडवा झाला आणि त्याला झोप लागली. तट उतरेपर्यंत रोज तसेच चालले. तट उतरल्यावर बाग उघडी झाली, आणि ज्याला हवे त्याने तिथे येऊन बसावे असे ठरले.

मुकुट साळूबाईने परत दिला. क्षमा मात्र दिली नाही. राजा रोज संध्याकाळी येई, ओट्याच्या कडेला बसे, आणि उठून जाई. अशी वर्षे गेली. एका गारठ्याच्या संध्याकाळी म्हातारीने दार उघडले, एक जुनी वाकळ त्याच्या अंगावर टाकली, आणि पुन्हा दार लावून घेतले. राजा ती वाकळ पांघरून तिथेच रडला.

रात्र सर्वांची झाली, राज्य सुखी झाले. ज्याचे काम सरेल त्याचे डोळे मिटोत, आणि ज्याच्यावर अन्याय होईल त्याचा राग जागा राहो.